पुसलेला पिवळा दिवा

गाडीच्या स्टिअरिंगमागं, काट्यांच्या मध्ये इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. विझला नाही, किंवा चालता चालता मध्येच लागला, तर गाडीला काहीतरी दुखतंय असं समजायचं. माझं काम या दिव्याचं आहे. माहेरी हे अजून कुणाला नीट कळलेलं नाही. भाऊ विचारतो, "गॅरेजात तू नक्की काय करतीस?" मी सांगते, "कॉम्प्युटर बघते." मग तो हसतो, कारण चौथीनंतर माझी शाळा सुटली तेव्हा माझं दप्तर त्यानंच घेतलं होतं.

तोंडानं सगळं सांगायला मला जमत नाही. समोर चार माणसं असली की शब्द घशातच राहतो. वहीपुढं कुणी नसतं, म्हणून वहीत लिहिते.

जळोचीच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं गॅरेज आहे. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, दत्तू मिस्त्री, तीस वर्षं तिथं गाड्या उघडतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सुटे भाग डिझेलमध्ये धुऊन द्यायचे. पुढं पाने हातात द्यायला लागले. मालक गाडीखाली गेले की नुसता हात बाहेर काढायचे आणि त्या हातावर कुठला पाना ठेवायचा ते मला कळायचं. मालकांचं सगळं ज्ञान कानाचं. लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि सांगायचे, तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरला गडबड हाय. उघडलं की तिसऱ्यालाच असायची.

मग नव्या गाड्या आल्या. त्यांच्या इंजिनाशेजारी एक पेटी असते. किती डिझेल सोडायचं, कधी सोडायचं, ते ती पेटी ठरवते. काही बिघडलं की ती दिवा लावते आणि बिघाड आकड्यात लिहून ठेवते. तो वाचायला एक वायर लागते, कॉम्प्युटर लागतो आणि कॉम्प्युटरात घालायचा प्रोग्राम लागतो. ते नसेल तर मिस्त्री कितीही हुशार असो, पेटीपुढं मुका. मालकांनी दोन वर्षं अशा गाड्या बघितल्या आणि बॉनेट लावून परत दिल्या. "कंपनीत न्या." हे दोन शब्द बोलताना त्यांचं तोंड कसं व्हायचं ते मी पाना हातात धरून बघायचे.

शेवटी पुण्यात बंद पडलेल्या एका गॅरेजातून त्यांनी वायर आणि प्रोग्रामची सीडी आणली. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या नव्या कॉम्प्युटरला लावायला गेलो, तर त्याला सीडी घालायची फटच नव्हती आणि वायरीचं नऊ टाचण्यांचं रुंद तोंड बसेल अशी जागाही नव्हती. झेरॉक्सवाला म्हणाला, "वहिनी, हे म्हातारं सामान हाय. ह्याला घर बी म्हातारंच बघा."

म्हातारं घर साळवी काकांकडं सापडलं. काका वालचंदनगरला कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होते, निवृत्त झाल्यावर जळोचीला राहायला आले. त्यांच्या माळ्यावर एक लॅपटॉप पडून होता. काळा, जाड, पाट्यासारखा जड. एका बाजूची बिजागरी मोडलेली, म्हणून पडदा उभा राहायला मागं वीट लावावी लागायची. पण सीडीची फट होती आणि मागं नऊ टाचण्यांची जागाही होती. काकांनी तो दिला आणि दोन दुपारी आमच्या शेडमध्ये येऊन बसले.

मला वाटायचं, जुन्या कॉम्प्युटरला नवं काहीतरी शिकवायचं असतं. काका म्हणाले, "उलटं आहे, मंगल. याला नवीन काही कळूच द्यायचं नाही. इंटरनेट जोडलं की हा स्वतःला सुधारायला बघणार, आणि सुधारला की आपल्या कामातून गेला." म्हणून त्यांनी त्यातलं सगळं काढून टाकलं, प्रोग्रामच्या काळातली जुनी सिस्टीम परत घातली आणि इंटरनेट बंद केलं. मग त्याची झोप बंद केली. पाच मिनिटं हात लावला नाही की तो आपोआप झोपायचा, आणि गाडीशी बोलता बोलता झोपला की सगळं बोलणं तुटायचं. मग वायर कुठल्या दारातून आत येणार त्या दाराचा नंबर सांगायचा, कॉम्प्युटरला एकदा आणि प्रोग्रामला एकदा. दोन्हीकडं एकच नंबर लागतो. आमचे दोन वेगळे पडले होते, आणि अख्खी दुपार आम्ही बिचाऱ्या वायरीला दोष देत बसलो.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला तर तो कितीतरी वर्षं मागं गेलेला, आणि तारीख चुकली म्हणून प्रोग्राम उघडेना. आत तारीख धरून ठेवणारा एक बारका सेल असतो, तो संपला होता. गावात घड्याळवाल्याकडं मिळाला. मोठी बॅटरी तर कधीच मेलेली, त्यामुळं लॅपटॉपची वायर निघाली की जागच्या जागी अंधार. गाडीत बसून वापरायचा तर गाडीच्या बॅटरीवरून छोटा इन्व्हर्टर लावायचा. हे सगळं झाल्यावर एका पिकअपला वायर लावली. पडद्यावर पहिल्यांदा आकडे हलायला लागले तेव्हा मालक पडद्यावर वाकले. म्हणाले, "बोलली की गं."

पण लॅपटॉप मालकांच्या हातात नीट राहीना. त्यांच्या एका बोटाखाली तीन बटणं दाबली जायची. मग तो माझ्याकडं आला. गाड्यांच्या नंबरपाट्या वाचून मला इंग्रजी अक्षरं येत होती, शब्द येत नव्हते. काकांनी एक-एक ओळ वाचून अर्थ सांगितला आणि मी तो मराठीत वहीत उतरवला. वरून तिसरी ओळ, पाण्याची गरमी. पाचवी, इंजिनानं मागितलेला डिझेलचा दाब. सहावी, मिळालेला दाब. शेवटून दुसरी, दिवा पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. आकडे मला कुणी शिकवायला नको होते. ते चौथीपर्यंत पक्के झाले होते.

आता मशीन आलं म्हणजे माणसं काय काय विचारतात! एक जण म्हणाला, "वहिनी, आमचा ड्रायव्हर डिझेल चोरतो का ते येतं का ह्यात?" शाळेची गाडी चालवणाऱ्या एका बाईनं दिव्यावर टिकली लावली होती. का लावली विचारलं तर म्हणाली, "सारखा डोळ्यात यायचा हो." आणि पहिल्याच महिन्यात मशीननं मलाही शिकवलं. एका मोटारीच्या गरमीच्या सेन्सरचा आकडा आला, मी सेन्सर सांगितला, मालकांनी नवा बसवला, तिसऱ्या दिवशी गाडी परत. सेन्सर चांगलाच होता. गाडी उसाच्या कडेला उभी असायची आणि उंदरांनी वायर कुरतडली होती. मालक म्हणाले, "तुझं मशीन दुखतंय कुठं ते सांगतंय. का दुखतंय ते आपल्यालाच बघायचंय." हे मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं. तरी पुढं विसरले, आणि तेच सांगायचं आहे.

दिवा पुसणं हे आमच्या कामातलंच. दुरुस्ती झाली की प्रोग्रामातलं एक बटण दाबून पेटीत लिहिलेला बिघाड पुसायचा, म्हणजे दिवा विझतो. पण दुरुस्ती न करताही तो पुसता येतो. तेव्हाही विझतोच. काही दिवसांनी परत लागतो, एवढंच. लोकांना हे कळायला वेळ लागला नाही. गाडी विकायची असली की माणसं गोड आवाजात यायची, "वहिनी, तेवढा दिवा पुसून द्या."

बापूराव असेच आले. मालकांचे जुने मित्र आणि आमचं पहिल्यापासूनचं गिऱ्हाईक. त्यांचा पिकअप टेम्पो माल भरून चढाला लागला की दम सोडायचा आणि दिवा लागायचा. रिकामा असला की काही नाही. मी वायर लावली. डिझेलचा दाब कमी पडतोय, असा आकडा होता. मालकांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली. म्हणाले, "बापूराव, दाबाचा पंप गेला असंल."

पंप म्हणजे मोठं काम. बापूरावांनी पायानं टायर दाबून बघितला.

"न्हाय परवडत, दत्ता. इकून टाकतो. वहिनी, दिवा तेवढा पुसा."

मी मालकांकडं बघितलं. मालक हात पुसत होते. आमच्या कामात एक रीत आहे, एका गिऱ्हाइकाची गाडी दुसऱ्याला सांगायची नाही. आणि गाडी त्याची, दिवा त्याचा, तो पुस म्हणाला तर आपण कोण? मी बटण दाबलं. घेणारा माणूस कोण असेल हे तेव्हा डोक्यात आलंही नाही. कुणीतरी घेईल. कुणीतरी म्हणजे कुणीच नाही, असं वाटतं तेव्हा.

तिसऱ्या दिवशी तोच टेम्पो परत आमच्या दारात. चालवत बापूराव, शेजारी एक म्हातारे आबा आणि एक पस्तिशीची बाई. बाई पणदऱ्याची, सुनंदा. आबा तिचे सासरे. नवरा शेत बघतो आणि माल विकायचं काम हिचं. दुसऱ्यांच्या टेम्पोची वाट बघत हिची टोमॅटोची क्रेट बांधावर उन्हात राहायची, बाजार गाठेपर्यंत भाव उतरलेला असायचा. तिनं लायसन्स काढलं होतं. दूध आणि भाजीतून वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं ती या गाडीत घालणार होती. ही गाडी फसवी निघाली असती तर दुसरी घ्यायची ऐपत नव्हती. हे तिनं आल्या आल्या स्वतःच सांगितलं, लपवून न ठेवता. आणि म्हणाली, "सगळी म्हणतात, दत्तू मिस्त्रीकडं दाखीव. त्यांच्या बाईचं मशीन खोटं बोलत न्हाय."

बापूरावांच्या मनात दुसऱ्या गॅरेजात जायचं असणार. पण आबा हट्टाला पेटले होते. "हितंच दाखवू. न्हायतर ऱ्हाऊ द्या," असं रस्त्यातच म्हणाले होते म्हणे.

मी वायर लावली. वीट सरकवून पडदा उभा केला. बिघाडाच्या पानावर एकही आकडा नव्हता, कारण तो मीच पुसला होता. मालक बॉनेटमध्ये असे वाकले होते की त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"काय म्हणतंय मशीन?" सुनंदानं विचारलं.

"काही न्हाय म्हणत," बापूराव मधेच बोलले. "मी काय सांगत हुतो? देवाची गाडी हाय."

खरंच पडद्यावर काही नव्हतं. मी "काही नाही" म्हणाले असते तर ते खोटंही ठरलं नसतं. पण मला तेवढंही बोलता येईना. मी पान पुढं सरकवलं, शेवटून दुसऱ्या ओळीवर गेले आणि वीट उचलून लॅपटॉप तिच्याकडं फिरवला.

"शिकलाय का तुमी?"

"बारावी."

"मग ही ओळ वाचा."

तिनं बोट ठेवून हळूहळू वाचली. बिघाड पुसल्यापासून चाललेलं अंतर. पुढं आकडा होता, चौतीस.

"चौतीस किलोमीटर?" ती म्हणाली. "गाडी लाखाच्या वर पळलीय आन् चौतीस किलोमीटरमागं काय पुसलंय?"

बापूराव माझ्याकडं बघत होते.

"पुसलं कुणी?" सुनंदानं विचारलं.

"मी," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. वर बघायचं धाडस नव्हतं. तिच्या चपलांना लागलेली शेतातली माती तेवढी दिसत होती. वाटलं, आता ही शिव्या देईल आणि निघून जाईल, आणि उद्यापासून सगळ्या पणदऱ्यात आमचं नाव.

"मग परत लावा," ती म्हणाली.

"आँ?"

"पुसलाय तुमी. मग लावा परत. बघू द्या काय हाय ते."

मला अशा वेळी हसू यायला नको होतं, पण आलं. "तो आपल्याला लावता येत न्हाय, बाई. इंजिनच लावतं. गाडी माल भरून चालवली की मग."

"मग भरू की माल. उद्या आमच्या टोमॅटोचा तोडा हाय. इंदापूरच्या बाजाराला जायचंय."

बापूराव उसळले. "वहिनी, तीस वर्षं येतोय मी हितं. हे बरं केलं न्हाय तुमी."

त्यांना उत्तर आबांनी दिलं. "बापूराव, देवाची गाडी हाय ना? मग देवाला टोमॅटो जड व्हत्यात व्हय?"

मालकांनी बॉनेट लावलं. रागानं नाही, हळूच. ती मंडळी गेल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "मशीन नीट बांधून घे उद्या. रस्ता खराब हाय."

सकाळी उन्हं वर येता येता टेम्पो आला, क्रेट पार वरपर्यंत रचलेली. बापूराव स्टिअरिंगवर. "माझी गाडी, मीच चालवनार. दत्ता मुद्दाम रेटंल." मग मी मध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन, विटेऐवजी पडदा डाव्या हातानं धरून, खिडकीशी सुनंदा. मालक आणि आबा मागून मोटारसायकलवर, मालकांच्या गळ्यात हत्यारांची पिशवी. इतकी वर्षं गाड्यांच्या धंद्यात होते, पण चालत्या गाडीत बसून तिचे आकडे मी पहिल्यांदाच बघत होते.

मी आकडे वाचायला लागले. मागितलेला दाब आणि मिळालेला. "सहाशे मागते, सहाशे मिळाले. सातशे, सातशे." पहिल्यांदा पुटपुटतच होते. सुनंदा म्हणाली, "मोठ्यानं म्हणा की ताई." मग मोठ्यानं म्हणायला लागले. भवानीनगर गेलं, लासुर्णं गेलं. दोन्ही आकडे बैलजोडीसारखे बरोबरीनं चाललेले. बापूरावांच्या कपाळावरचा घाम सुकला. पण ते चालवत होते असे, की मागून एक उसाचा ट्रॅक्टर आला, त्यानं भोंगा वाजवला आणि तो पुढं निघून गेला.

"ट्रॅक्टर पुढं गेला," सुनंदा म्हणाली.

"सावकाश बरं असतं. माल हाय मागं."

"माल माझा हाय. माझी टोमॅटो शिळी करून इकायची हायत का? उतरा. मी चालवती."

"तू?"

"घेणार मी हाय. मग चालवून कोण बघनार, शेजारीण?"

बापूराव रस्त्याच्या कडेला थांबले, उतरले आणि वळसा घालून खिडकीशी आले. सुनंदानं पदर खोचला, आरसा हलवून आपल्या उंचीचा केला आणि गाडी काढली. ती चांगली चालवायची. माझ्या मालकांपेक्षा गिअर हलका टाकायची. निमगावच्या अलीकडं एक लांब चढ लागतो. तिनं पाय दाबला.

"हजार मागते, हजार मिळाले," मी म्हणत होते. "बाराशे मागते, अकराशे. बाराशे मागते, नऊशे. आठशे. साडेसहाशे..."

इंजिनानं दम सोडला. मग दिवा लागला.

लागताना आवाज होत नाही त्याला. एवढासा पिवळा उजेड. आम्ही तिघंही त्याच्याकडं बघत राहिलो. सुनंदानं गिअर एकानं खाली आणला. चारचौघांत सांगून ठेवलेली गाडी ही, मनानं तिची झालेली. खरं कळलं तरी त्यात तिला कसला आनंद असणार? बापूरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

कसंबसं चढ संपवून तिनं गाडी बाजूला लावली आणि बंद केली. मालक मागून आले. "पंपच," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात पहिल्यासारखी खात्री नव्हती. सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहिले. आबांनी तंबाखू मळली. पाचेक मिनिटांनी माल तर पोचवायलाच हवा म्हणून सुनंदानं परत किल्ली मारली आणि उभ्या उभ्याच जोरात पाय दाबून बघितला. दिवा तसाच होता. पण माझ्या पडद्यावर आकडे दिसले आणि मी बोलून गेले, कुणी विचारायच्या आधी.

"आता पूर्ण मिळतोय की."

"काय?" मालक खिडकीशी आले.

"दाब. मागंल तेवढा मिळतोय. पंप गेला असता तर पाच मिनिटं बसून बरा झाला असता का?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मग पडद्याकडं. मग टाकीकडं. पहिल्या दिवशी हेच करायचं होतं आम्ही, माल भरून फिरवून बघायचं होतं. मशीननं दुखतंय कुठं ते सांगितलं होतं आणि का ते आम्ही शेडमध्ये उभ्या उभ्या ठरवून टाकलं होतं. 'पंप' या एका शब्दामुळं बापूरावांनी गाडी विकायला काढली होती.

बेताबेतानं इंदापूरचा बाजार गाठला. माल उतरला, बोली झाली. मग बाजाराच्या आवारातच, कडेला लिंबाखाली, मालकांनी डिझेलच्या टाकीची वरची झाकणी खोलली आणि आत बारीक तार घातली. दोनदा रिकामी आली. तिसऱ्यांदा तारेला काहीतरी लोंबत वर आलं. काळं पडलेलं, वीतभर रुंद, डिझेल गळणारं. फडकं.

आमच्याकडं बरेच शेतकरी बॅरलमधून कॅननं डिझेल भरतात आणि कचरा जाऊ नये म्हणून तोंडाला कापड धरतात. ते कापड कधीतरी आत पडलेलं. गाडी जोरात डिझेल ओढायला लागली की ते ओढायच्या नळीच्या तोंडावर जाऊन बसायचं, आणि गाडी बंद केली की आपोआप सुटून खाली जायचं.

बापूरावांनी ते दोन बोटांत धरून उजेडात बघितलं. कडेला अजून एक तांबडी रेघ दिसत होती.

"हे माझं धोतर हाय," ते म्हणाले.

आबांना इतकं हसू आलं की त्यांना गाडीला टेकावं लागलं. "बापूराव, गाडीनं तुमचं धोतर गिळलं आन् तुमी तिलाच इकायला काढली?"

बापूरावही हसले. पण हसता हसता त्यांचा हात टेम्पोच्या बॉनेटवर गेला, आपल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. सुनंदाचं हसू थांबलं. मलाही कळलं ते काय विचार करतायत. पंप चांगला, गाडी चांगली. आता विकायची कशाला?

"बापूराव," आबा म्हणाले, "आता गोड लागाय लागली व्हय?"

"तसं न्हाय..."

"शब्द दिलाय तुमी," सुनंदा म्हणाली. "आजारी हुती तवा मला दिली. आता बरी झाली तर तुमची?"

बापूराव धोतराचा तो तुकडा पिळत उभे राहिले. मग माझ्याकडं वळले, सुनंदाकडं नाही. "वहिनी, तुमी सांगा. काय करू?"

मला आजवर गिऱ्हाइकानं असं कधी विचारलं नव्हतं. चार जणांचे डोळे माझ्यावर. पण गेल्या दोन दिवसांत एवढं बोलून झालं होतं की अजून एक वाक्य जड नव्हतं.

"दिवा पुसून दिलेली गाडी हुती ती," मी म्हणाले. "ठरल्या भावाला देऊन टाका, त्यातून तुमाला फायदा नको. दोघांचं पाप हाय ते, माझं बी."

बापूरावांनी मान खाली घातली. मग गाडीला लावलेली किल्ली काढून आबांच्या हातात न देता सुनंदाच्या हातात दिली. "धोतर मात्र नेतो मी," म्हणाले.

त्यानंतर बापूराव गॅरेजात यायचे थोडे दिवस थांबले, मग यायला लागले. बिनादुरुस्तीचा दिवा मी त्यानंतर पुसलेला नाही. काही गिऱ्हाईकं त्यामुळं दुसरीकडं जातात. मालक कधी काही म्हणाले नाहीत, पण एखादा गोड आवाजात आला की ते लगेच गाडीखाली जातात आणि उत्तर मला द्यायला लावतात. देते. अजून पहिला शब्द यायला वेळ लागतो.

त्या दिवशी लिंबाखाली टाकी बंद केल्यावर दिवा अजून लागलेलाच होता. दुरुस्ती झाली होती, आता तो पुसायचा होता. मी वायर लावली, पान उघडलं आणि लॅपटॉप स्टिअरिंगवर बसलेल्या सुनंदाच्या मांडीवर ठेवला.

"हे बटण," मी म्हणाले. "गाडी तुमची हाय. तुमीच दाबा."

तिनं पदराला बोट पुसून दाबलं. दिवा विझला. तिनं वाकून काट्यांमध्ये बघितलं.

"परत लागला तर?"

"लागू द्या. लागला की इकडं या. पुसायला न्हाय, दाखवायला."

"बरं," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली. आबा आणि बापूराव तिच्या शेजारी चढले, आणि मला लॅपटॉप आणि वायर काढून मालकांच्या मोटारसायकलकडं जायला जेमतेम वेळ मिळाला. तिला संध्याकाळच्या आत रिकामी क्रेट घेऊन पणदरं गाठायचं होतं.